खिचडी मास्तरांची बांधी

सर गेले त्या आठवड्यात आमच्या भागात सगळीकडे धानाचे पऱ्हे टाकणं चालू होतं, आणि शाळेच्या बांधीत टाकायला बी नव्हतं. आम्हां जुन्या मुलांपैकी बऱ्याच जणांना या दोन बातम्या एकाच फोनवर कळल्या. मला फोन केला तो शहापूरनं. शहापूर ही माझी वसतिगृहातली मैत्रीण. आता ती नागपुरात पोस्टात नोकरीला आहे, तिला दोन मुलं आहेत, तिला छान नाव आहे. पण आम्ही एकमेकींना अजून गावाच्या नावानंच हाक मारतो.

"सर गेले व, चिखला," ती म्हणाली.  मग नाक ओढत तिनं विचारलं, "आता बांधीत काय टाकतील ते लोकं? बी तं राईस मिलातून भरडून आलं म्हणतेत. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "मी त्याचा भात खाल्ला."

हे नीट सांगायचं तर आधी बांधीबद्दल सांगायला हवं, आणि बांधीबद्दल सांगायचं तर सरांबद्दल.

आमची शाळा मोहाडी तालुक्यातल्या एका गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली आहे. कवेलूंच्या छपराच्या दोन लांब खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, विहिरीच्या बाजूला मुली आणि चिंचेच्या बाजूला मुलं. मागे धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं लहानसं शेत. सर हेडमास्तरही होते आणि वसतिगृहाचे अधीक्षकही. दोन्ही कामं करणारा दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून असेल. उंच, किंचित वाकलेले. त्यांची छत्री मी कधी सरळ उघडलेली पाहिली नाही. ती अर्धवट उघडून, उलटी धरून, तिच्यात ते तपासलेल्या वह्या घेऊन वर्गात येत. बाजाराच्या दिवशी त्याच छत्रीतून वांगी येत. पाऊस आला की छत्रीतल्या वस्तू भिजू नयेत म्हणून ते तिच्यावर वाकून चालत आणि स्वतः निथळत पोहोचत.

शाळा सुरू झाली की ते भाषेचं पुस्तक शेवटच्या धड्यापासून शिकवत. "शेवटच्या धड्यांपर्यंत कोणी पोहोचतच नाही," ते म्हणत. "बिचारे दरवर्षी उपाशी राहतात." त्यामुळे पहिल्या धड्यापर्यंत आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर पोहोचायचो आणि तोवर तो फार सोपा वाटायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "तिसरा धडा झाला का?" आम्ही सगळे अभिमानानं एका सुरात ओरडलो, "अजून यायचा आहे!" साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर छत्रीत काहीतरी शोधत होते.

आणि ते आडनाव घेत नसत. कोणाचंच नाही. हजेरी गावाच्या नावानं. मोहाडी. शहापूर. चिखला. एका गावाचे दोघे असले तर थोरले आणि धाकटे. आडनाव कळलं की आमच्या भागात पुढचं सगळं कळतं, कोण कुठल्या वस्तीतला, कोणाच्या घरी कोणाची तसबीर, कोणाच्या हातचं पाणी कोण पितं. सरांनी यावर कधी भाषण दिल्याचं मला आठवत नाही. त्यांनी फक्त हजेरी तशी घेतली. वर आम्हाला अहो-जाहो करत. "या चिखला, बसा." पाचवीतल्या पोरीला! गावातले लोक पारावर बसून हसायचे: "मास्तर पोट्ट्याइले अवो-जावो करते अन् बैलाले शिव्या देते." बैलाचं खोटं होतं. पण सर चिडले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची हे खरं. "काहून बे, कायच्यासाठी मारून राहिला त्याले?" असं त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून मुलं मुद्दाम भांडणं काढत.

त्यांचं स्वतःचं गाव कोणतं, हे विचारलं तर म्हणायचे, "जे हजेरीत नाही ते."

आता बांधी. वसतिगृहात नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलानं घरचं मूठभर धान आणायचं, हा सरांचा नियम होता. जे घरी पिकतं ते. कोणी वासाचा चिन्नोर आणायचा, कोणी लुचई, कोणी हलकं, कोणी भारी. जून महिन्यात बांधीच्या कोपऱ्यात पऱ्हे टाकत, म्हणजे रोपांसाठी दाट पेरणी करत. नव्या मुलांसाठी वीत-वीत चौकोन आखलेले असत आणि प्रत्येक चौकोनात गावाच्या नावाची लाकडी पाटी. रोपं हातभर झाली की ती उपटून सगळ्या बांधीत रोवायची. पिकलं की मात्र सगळं एकत्र. एका बांबूच्या, शेणानं सारवलेल्या ढोलीत पुढच्या वर्षाचं बी भरून ठेवायचं आणि उरलेलं स्वयंपाकघरात.

धान लावणारा कोणीही माणूस हे ऐकून कपाळाला हात लावेल. हलकं धान दिवाळीच्या आधी पिकतं, भारी त्याच्या पुढे बराच काळ हिरवं राहतं. एकाच बांधीत सगळं लावलं तर एक झुकलेलं, एक दुधात, एक अजून पोटरीत. आमची कापणी तीन हप्त्यांत चालायची. विळा घेऊन पिकलेलं तेवढं वेचून कापायचं. शेजारचे शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून म्हणत, "काय मास्तर, खिचडी शिजली का?" तेव्हापासून सर खिचडी मास्तर आणि ती खिचडीची बांधी. आम्हाला काही वाईट वाटलं नाही, कारण तीनदा कापणी म्हणजे तीनदा सुट्टी.

हे सगळं कशासाठी, असं त्यांना खूप जणांनी विचारलं. संस्थेच्या लोकांना ते सांगत की प्रयोग चालू आहे. शेतकऱ्यांना म्हणत, "मले शेती येत नाई ना, म्हणून." एकदा मी विचारलं तर म्हणाले, "कोणालाच घरची आठवण जास्त यायला नको म्हणून." यातलं खरं कोणतं ते मला अजून ठरवता येत नाही.

त्या धानाचा भात काही चांगला होत नसे. एका वाढणीत काही शितं लगदा आणि काही दाताखाली कचकचणारी. मुलं कुरकुरली की सर पंगतीच्या शेवटच्या पाटावरून म्हणत, "सगळे एकदम शिजत नाहीत. थांबा." हेच वाक्य ते गणित न येणाऱ्यालाही म्हणत. मी वसतिगृहात आले तेव्हा कित्येक महिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्या गुरुजींनी तक्रार केली, "ही पोरगी बोलतच नाही, मुकी आहे की काय?" सरांनी छत्रीतून मान वर केली. "थांबा," म्हणाले, "शिजतंय."

मी चिखल्याची. माझे वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली काम करत. आम्ही कॉलनीत राहायचो. आम्हाला शेत नव्हतं. मूठभर धान आणायचं आहे असा निरोप आला तेव्हा आई गोंधळली. घरात धान कुठलं? तांदूळ होता, रेशनचा. आईनं तो सुपात घेतला, एकेक खडा वेचला, तुटके दाणे बाजूला केले आणि चांगले तेवढे जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दिले. "मास्तरच्या हातात देजो," म्हणाली. "खाली नको ठेवजो."

पहिल्या दिवशी ओसरीवर नवी मुलं ओळीनं बसली होती आणि सर एकेकाची पुरचुंडी सोडत होते. माझी सोडली. माझ्या शेजारी मोहाडी बसला होता. मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा, गुबगुबीत, आजीचा लाडका.

"अरे, हा तं तांदूळ हाय!" तो ओरडला. "तांदूळ कुठी उगवते का बे?"

सगळी ओसरी हसली. सालपट काढलेला दाणा उगवत नाही हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. मला नव्हतं. सरांनी तांदूळ तळहातावर घेतला, त्याचा वास घेतला.

"फार स्वच्छ निवडलाय," ते म्हणाले. "अहो मोहाडी, तुम्ही कधी उगवून पाहिलाय?"

"नाही सर."

"मग थांबा."

त्यांनी माझा तांदूळ पऱ्ह्यात टाकला. इतरांइतक्याच आखीव चौकोनात. पाटी लावली: चिखला.

चिमण्यांनी तो खाल्ला. थोडा उरला तो कुजला. चारी बाजूंनी हिरवं पोपटी दाट उगवून आलं आणि मध्ये माझा काळा चौकोन. मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तिकडे जायची. एक दिवस मी ती पाटी उपटून पेटीत लपवून ठेवली. दुपारी सर खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत. "पाटी द्या," म्हणाले. मी दिली. त्यांनी ती पुन्हा त्याच जागी रोवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढू नका. मग जागा कोणाची ते कसं कळणार?"

रोवणीचा दिवस आला. प्रत्येकानं आपल्या चौकोनातली रोपं उपटायची, त्यांच्या पेंढ्या बांधायच्या आणि बांधीत आपली ओळ लावायची. माझ्याकडे पेंढीच नव्हती. मी धुऱ्यावर उभी. सर गुडघ्यापर्यंत चिखलात, पायजमा दोरीनं वर बांधलेला. त्यांनी आवाज दिला, "चिखल्याची ओळ रिकामी जाते आहे. ज्याला वाटेल त्यानं एकेक मूठ ठेवा."

शहापूर आधी आली. माझं तिच्याशी तोवर बोलणंही नव्हतं. तिनं रोपं माझ्या हातात न देता सरळ माझ्या ओळीत रोवली आणि म्हणाली, "ये ना आता खाली. का पायाले लोणी लावलं हाय?" मग दुसरे आले. मोहाडी सगळ्यात शेवटी, कुरकुरत, "आमचा चिन्नोर हाय सर. फुकट जाईन." पण मूठ चांगली जाड ठेवली त्यानं. माझी ओळ सगळ्यांत जास्त खिचडी झाली. कापणीच्या प्रत्येक हप्त्याला तिच्यात काही ना काही पिकलेलं असायचं. माझी कापणी काही संपतच नसे.

मोहाडीची आजी एकदा त्याला भेटायला आली तो प्रसंग आम्ही अजून एकमेकांना सांगतो. रोवणी होऊन गेली होती, बांधी हिरवीगार होती. आजीनं ओसरीवर बसूनच चौकशी सुरू केली. स्वयंपाक कोण करते, पोरगा कोणाच्या बाजूनं जेवते, तो बाजूचा कोणाचा आहे. सर सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आजी, तुमचा चिन्नोर बघायचा का?"

"कुठी हाय?"

"बांधीत. पण ओळखायला लागेल. आम्ही सगळं मिसळून लावतो."

"ओळखतो नाही तं का," आजी म्हणाली आणि लुगडं खोचून बांधीत उतरली. आम्ही धुऱ्यावर गर्दी केली. ती एकेक पान तोडायची, बोटांत चुरडायची, हुंगायची, टाकून द्यायची. बऱ्याच वेळानं एका चुड्याशी, रोपांच्या झुबक्याशी, थांबली. पुन्हा हुंगलं. "हा माझा," म्हणाली. नातू भेटल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"वा!" सर म्हणाले. "आणि त्याच्या बाजूचा कोणाचा?"

"ते मले का मालूम?"

"मग त्याला तरी काय मालूम असणार, आजी."

आजी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिली. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी लय चालू हाव." त्या दिवशी ती आमच्या पंगतीला जेवली नाही. पाणी तेवढं प्यायली आणि एसटी पकडून गेली. पुढच्या खेपेला मात्र पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची थैली घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "सगळ्या पोट्ट्याइसाठी हाय, माझ्याच एकट्याले नका देजा."

दहावी झाल्यावर निघताना सर प्रत्येकाला ढोलीतलं मूठभर धान परत द्यायचे. "आणलं होतं ते घेऊन जा," एवढंच. बहुतेकांच्या घरी ते कोंबड्यांना गेलं असेल. मिसळीचं बी कोण लावणार? माझ्या आईनं मात्र ते कपाळाला लावलं. आमच्या कॉलनीत सार्वजनिक नळ होता आणि त्याचं सांडपाणी मागे साचायचं. आईनं तिथं चार विटा लावून धान लावलं. बायका हसल्या. आई म्हणाली, "मास्तरनं देल्लं हाय. फेकता येते का?"

सर दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या घरी सायकलनं फिरायचे. जुन्या मुलांच्याही. त्या वर्षी आमच्याकडे आले तेव्हा नळाशीच थबकले. सायकल तशीच भिंतीला टेकवून ते उकिडवे बसले आणि त्या दीड हाताच्या धानाकडे बघत राहिले. वडील हात जोडून मागे उभे, आई दारात चहा घेऊन उभी. सर घरात यायचं विसरूनच गेले. चहा त्यांनी तिथंच, नळाशी बसून घेतला. जाताना आईला म्हणाले, "ताई, आता तुमचं शेत झालं."

निवृत्त झाल्यावरही त्यांनी गाव सोडलं नाही. शाळेजवळ खोली घेतली आणि रोज उलटी छत्री घेऊन बांधीवर येत राहिले. माणसं बदलली, मुलं कमी झाली, पण पऱ्हे दरवर्षी पडत होते. गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला आणि उन्हाळ्यात त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी काम आटोपलं की मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. त्यांना पुस्तक वाचून दाखवायची. अर्थातच शेवटच्या प्रकरणापासून.

एका संध्याकाळी शाळेचे नवे सर आले. तरुण, अकोल्याकडचे, कापूस आणि ज्वारीच्या मुलखातले. इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. हातात डबा होता आणि चेहरा असा की मला वाटलं शाळेला आग लागली.

"सर, माझ्या हातून चूक झाली," ते म्हणाले. "शाळा उघडायच्या आधी कोठार साफ करत होतो. ढोलीत धान होतं. भेसळ दिसली. मला वाटलं स्वयंपाकघराचं उरलेलं आहे. मी... भरडून आणलं."

सर छताकडे पाहत होते. "सगळं?"

"सगळं. स्वयंपाकाच्या बाई सुट्टीवरून आल्या तेव्हा कळलं, ते बी होतं."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांच्या मुलांचं, इतक्या गावांचं, वर्षावर्षाला पुन्हा पिकून आलेलं बी. आता तो तांदूळ होता. मला माझा काळा चौकोन आठवला.

"भात करून पाहिला का?" सरांनी विचारलं.

नव्या सरांनी डबा उघडला. त्यात तोच होता. सरांनी चमच्यानं थोडा घेतला, सावकाश चावला. "अर्धा कच्चा आहे," म्हणाले.

"दोनदा पाणी घातलं, सर. काही दाणे शिजतच नाहीत."

सरांना हसू आलं, हसण्यानं खोकला आला, खोकला थांबल्यावर ते पुन्हा हसले. "थांबायचं असतं," म्हणाले. "बसा. तुम्ही पण खा. चिखला, तुम्ही पण." आम्ही तिघांनी एकाच डब्यातून तो भात खाल्ला. नवे सर खाली मान घालून जेवत होते.

नवे सर परतल्यावर सर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "चिखला, तुमच्या आईच्या नळाला पाणी आहे का?"

"विचारून सांगते, सर."

दुसऱ्या दिवशी त्यांचं बोलणं बंद झालं होतं, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

शहापूरचा फोन ठेवला आणि मी आईला लावला. वडील गेल्यापासून ती चिखल्यातच एका लहान घरात राहते. कॉलनी सोडून कितीतरी वर्षं झाली. मी घरी गेले की पुस्तक घेऊन ओसरीत बसते. मागच्या अंगणात काय आहे ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"आई, ते नळावरचं धान..."

"कोणता नळ? तो नळ तं कवाचाच बंद केला. आता घराघरात पाईप देल्ला ना."

"बरं, ठेवते."

"काहून? काय झालं?"

"काही नाही. मग ते धान गेलंच असेल."

"धान काहून जाईन?" आई चिडली. "न्हाणीच्या पाण्यावर लावून राहिली ना मी दरसाल! तुले दिसत नाई का? डोयापुढं पुस्तक धरून बसशीन तं का दिसन."

"किती असेल गं?"

"मास्तरनं देल्लं होतं तेवढं ठेवतो. एक मूठ. बाकीचं चिमण्याइले."

मग मी तिला सर गेल्याचं सांगितलं.  मागे कोणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली. "मी येतो तुह्यासंगं," ती म्हणाली. "माह्या हातानं टाकतो."

श्रद्धांजलीची सभा रविवारी शाळेत होती. शहापूरनं सगळ्यांना फोन केले होते: हार आणू नका, घरचं मूठभर धान आणा. फोटोखालच्या फलकावर सरांचं पूर्ण नाव, आडनावासकट, छापलेलं होतं. आम्ही कोणी ते मोठ्यानं वाचलं नाही. भाषणं झाली; मी माझ्या काळ्या चौकोनाची आणि सगळ्यांनी भरलेल्या ओळीची गोष्ट सांगितली. नव्या सरांनी त्या भरडलेल्या तांदळाचाच भात सगळ्यांसाठी केला होता. पंगतीत कोणाच्या तरी दाताखाली कचकन आवाज झाला आणि तिकडून कोणी तरी "थांबा" म्हणालं. आम्ही सगळेच हसलो.

जेवणं झाल्यावर बांधीवर गेलो. पऱ्ह्याची जागा नांगरून, ओली करून ठेवलेली. नव्या सरांनी चौकोन आखले होते, अगदी सुतळी धरून. नव्या पाट्या रंगवल्या होत्या. एकेक जण येऊन आपली मूठ टाकत होता. पुष्कळांनी दुकानातल्या पाकिटातलंच बी आणलं होतं, कारण घरचं बी ठेवणं आता कोणाकडे राहिलेलं नाही. मोहाडीही तसाच आला होता. आता तो मोठा शेतकरी आहे, मिलला लागतं ते एकच धान लावतो. हातातलं पाकीट त्यानं पाठीमागे धरलं होतं. आजी जाऊन किती वर्षं झाली, आणि तिच्या मागे चिन्नोरही घरातून गेला.

आईनं गाडगं काढलं. त्याच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. तिनं मूठ भरून बाहेर काढली तशी मोहाडी पुढं आला. एवढा मोठा माणूस, पण आवाज एकदम ओसरीवरचा. "काकू, त्यात आमचा चिन्नोर असन का?"

"मले का मालूम?" आई म्हणाली. "उगवू दे. मंग हुंगून पाहाजो."

ती चिखल्याच्या चौकोनाशी बसली. मूठ उघडायला तिला जरा वेळ लागला. मी तिच्यामागे उभी होते. फडक्यात तांदूळ बांधून देणाऱ्या त्या बाईनं एकेक दाणा पसरला, वर माती सारली, आणि हात झटकून आजूबाजूला, आकाशाकडे, चिमण्यांकडे पाहून म्हणाली, "आता खा बरं."

पंधरवड्यानंतर नव्या सरांचा फोन आला. आवाजात पूर्वीचा तो दबलेपणा नव्हता. "मॅडम, उगवलं. तुमच्या आईचं सगळ्यांत दाट आहे. मोहाडीकर रोज येऊन पानं चुरडून बघतात, मी त्यांना म्हटलं, जरा वाढू तर द्या."

"आणि नवी मुलं?"

"आली. थोडीच आहेत, पण आली. एक मुलगी आहे, आई-वडील वीटभट्टीवर. अजून कोणाशी बोलत नाही." ते जरा थांबले. "तिनं तांदूळ आणला."

"मग?"

"टाकला. पाटी लावली."

"तो उगवणार नाही, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आता ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही रोवणीला या, मॅडम. तिची ओळ भरायची आहे."